प्रेक्षकांचे परीक्षण

नाटक-सिनेमांची परीक्षणे पुष्कळ लिहिली जातात. प्रेक्षकांचे परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक पडद्यावर जे चाललेले असते ते मुंबईपासून परभणीपर्यंत एकच असते. खुर्च्यांवर जे चाललेले असते ते गावोगाव निराळे. कोण कुठे हसला, शिटी कुठे वाजली, पदर डोळ्यांना कुठे लागला, याची नोंद ठेवली तर गावाची ओळख जशी पटते तशी ती जनगणनेच्या आकड्यांवरूनही पटायची नाही. मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. वर्गात फळ्याकडे पाठ करून चेहरे वाचण्याची सवय लागलेली. ती चित्रपटगृहातही सुटत नाही. म्हणून ‘सैराट’ मी जितका पाहिला त्याहून अधिक त्याचा परभणीतला प्रेक्षक पाहिला. त्याचेच हे परीक्षण.

चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचे. ‘फँड्री’मुळे त्यांचे नाव आधीच झाले होते. खर्च सुमारे चार कोटींचा, म्हणजे हिंदी पडद्याच्या हिशेबाने किरकोळच. नायक आकाश ठोसर आणि नायिका रिंकू राजगुरू दोघेही कोरे करकरीत. रिंकू तर अकलूजची शाळकरी मुलगी. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला होता आणि राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकूचा विशेष उल्लेख झाला होता. पण बर्लिनच्या टाळीने परभणीचे तिकीट खपत नाही, हे कोणीही सांगेल. तिकिटे खपली ती एकाने दुसऱ्याला सांगून. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला लोकाग्रहास्तव रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला. शंभर कोटींचा पल्ला ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला.

त्या उन्हाळ्याची आठवण करून दिली पाहिजे. मराठवाडा दुष्काळात होरपळत होता. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागत होते. आमच्याकडेही घागरींच्या रांगा आणि टँकरची वाट हाच दिनक्रम. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असे आम्ही परभणीकर मोठ्या ऐटीत म्हणतो. पण त्या वैशाखात ती ऐटही वाळून गेली होती. अशा दिवसांत खेड्यापाड्यांतून मंडळी टेम्पो करून सिनेमाला येत होती. घरी पाण्याचा हिशेब तांब्यातांब्याने चाललेला, आणि इथे पडद्यावर मूठमूठ चिल्लर उधळली जात होती! अर्थशास्त्रज्ञाने कपाळाला हात लावावा. पण कोरड्या साली माणसाला हसू आणि रडू यांचीही टंचाई भासत असावी.

चित्रपट सुरू होतो तो क्रिकेटच्या सामन्याने. पांढऱ्या कपड्यांचे, हिरवळीवरचे क्रिकेट नव्हे. ढेकळे बाजूला सारून केलेल्या मैदानावरचे, लाउडस्पीकरवरून खेळापेक्षा खेळाडूंचीच अधिक थट्टा करणाऱ्या समालोचनाचे. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी, कुठेही जा. सुगी आटोपली की असे सामने लागतात. कुणाच्या तरी नावाचा चषक, कुणा पुढाऱ्याचे रोख बक्षीस, मांडवात पांढऱ्या कपड्यांतली पाहुणेमंडळी. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच प्रेक्षक खुर्चीवरून उठून मैदानात जाऊन बसला. माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा तर पडद्यावरच्या समालोचकाला जोड म्हणून स्वतःचे समालोचन करू लागला, आणि आजूबाजूचे त्याला दाद देऊ लागले.

संघाचा कप्तान पर्शा. मासे धरून पोट भरणाऱ्या घरातला मुलगा. तो सामना जिंकून देतो आणि सारे गाव त्याला डोक्यावर घेते. चषक देतात ते तात्या पाटील. गावचे बडे प्रस्थ आणि आर्चीचे वडील. इथे चित्रपटगृहात कडाडून टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी मुद्दाम लक्षात ठेवल्या. कारण पुढचा तीन तासांचा सगळा व्यवहार त्या एका टाळीत आहे. मैदानावर मुलगा कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. चेंडू सीमेपार गेला की झाले. त्याला टाळी द्यायला कोणाचीच ना नसते. पंचाईत होते ती त्याने टाळीखेरीज आणखी काही मागितले म्हणजे.

पुढे आर्ची येते. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, समोरच्याच्या नजरेला नजर देते. तिच्या प्रत्येक ठसक्याला शिट्ट्या. गंमत अशी, की त्यांत मुलींच्याही शिट्ट्या होत्या. परभणीच्या चित्रपटगृहात मुलीने शिटी वाजवलेली मी तोवर ऐकली नव्हती. ‘झिंगाट’ सुरू झाले तेव्हा पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत पंचवीस-तीस जण उतरले. त्यांत टोपीवाले एक आजोबाही होते. ते गाणे पाटलांच्याच मुलाच्या वाढदिवसाचे. पाटलांच्या घरच्या कार्यात नाचायला सगळ्या आळ्यांतली पोरे चालतात, हे त्या नाचात कोणाच्या ध्यानात यायचे कारण नव्हते.

एका ठिकाणी मात्र मी प्रेक्षकांपासून वेगळा पडलो. नवे प्राध्यापक वर्गात शिकवत असतात. पाटलांचा मुलगा फोनवर बोलत असतो. सर हटकतात आणि तो सरांच्या थोबाडीत ठेवून देतो. चित्रपटगृहात हशा पिकला. मला हसू येईना, यात नवल नाही. तो माझ्या पेशाचा गाल होता. पण हसणाऱ्यांतल्या काहींना वर्षभर मीच शिकवले होते. त्यांचा राग मला आला नाही. जोर ज्याच्या हातात, त्याच्या बाजूने आधी हसून घ्यावे आणि मग विचार करावा, ही सवय त्यांना माझ्या वर्गात लागलेली नव्हती. ती घराघरांतून, चावडीवरून आलेली. तोच हात पुढे कोणाकोणावर उगारला जाणार आहे, हे कळायला त्यांना अजून दोन तास होते.

मध्यंतरानंतर प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. पोरे पळून हैदराबादला जातात. गाणी संपतात, नाच संपतो. झोपडपट्टीतली खोली, परकी भाषा, बाटल्यांच्या कारखान्यातले काम, एकमेकांवरचा संशय, भांडण. तरुण मंडळी चुळबुळू लागली. ‘पहिला भाग सोन्याचा, दुसरा लांबला,’ असे मत पुढे महिनाभर चहाच्या टपरीवर ऐकू येत होते. पण आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “भावजी, पहिला पिक्चर पोरांचा होता, दुसरा आमचा. लग्नानंतर काय असतं ते इतकं कोण दाखवतं?” बंगल्यातली मुलगी त्या वस्तीतल्या संडासापाशी अडखळते, तेव्हा तरुण हसले; बायका हसल्या नाहीत. नव्या घरी पहिल्या आठवड्यात अडखळल्याची आठवण ज्यांच्यापाशी आहे त्यांना ते हसण्यासारखे वाटले नसावे.

आणि हैदराबाद! पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते दूरचे, परक्या मुलखातले शहर वाटले असेल. परभणीकराला तसे वाटत नाही. १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात. आमच्या आजोबा-पणजोबांची राजधानी ती. शिकायला हैदराबाद, कोर्टकचेरीला हैदराबाद. आजही रात्रीच्या गाडीत बसावे आणि सकाळी तिकडे उतरावे. कामाच्या शोधात जाणाऱ्यांची ती जुनी वाट. त्यामुळे पर्शा-आर्चीची गाडी हलली तेव्हा मागून कोणीतरी हलकेच म्हणाले, “आपल्याकडूनच गेली की!” चित्रपट करमाळ्याचा, पण त्या क्षणी तो परभणीच्या फलाटावर येऊन उभा राहिला.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. संसार मार्गी लागलेला, मूल झालेले. आर्ची दारात रांगोळी घालत असते आणि माहेरची माणसे आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन येतात. ती हरखते. त्यांना आत घेते, चहा करते. नंतर शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते. आई-बाप रक्तात पडलेले. मूल रडते, पण आवाज ऐकू येत नाही. बाहेर पडताना त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात.

ज्या चित्रपटगृहात दोन तासांपूर्वी कानठळ्या बसत होत्या, तिथे पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. दिवे लागले तरी माणसे उठेनात. उठली तीही एकमेकांकडे न पाहता. टोपीवाले आजोबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. बाहेर सायकल-स्कूटरच्या गर्दीत नेहमीचा गलका नव्हता. टाळी सगळ्यांनी मिळून वाजवली होती. ही शांतता मात्र प्रत्येकजण आपापली घेऊन घरी गेला.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले. मी मुलांना ‘सैराट’वर एक पान लिहून आणायला सांगितले. मुलग्यांनी बहुतेक सामन्यावर, बुलेटवर, पर्शाच्या मित्रांवर लिहिले आणि शेवटी ‘जातिभेद वाईट आहे’ असे परीक्षेतले वाक्य जोडले. एका मुलीने मात्र अख्खे पान त्या चहावर लिहिले. तिने लिहिले होते, की आर्चीला भाऊ आल्याचा आनंद झाला होता. तिने चांगल्या कपबश्या काढल्या असतील. माहेरच्या माणसाला चहा करताना मुलगी सावध राहत नाही. मराठीच्या प्राध्यापकाने लाल शाई वापरायची असते. त्या पानावर मी एकही खूण केली नाही.

त्याच सुमारास एक गृहस्थ मला भेटायला आले. सुस्वभावी, शेतीवाडी बरी असलेले. त्यांची मुलगी आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला.

“सर, पिक्चर लई भारी काढलाय. तीनदा बघितला. घरच्यांनाबी दाखवला.”

“छान केलेत.”

“पण सर, आमच्या पोरीवर जरा ध्यान असू द्या. कोणासंगं बोलायली, कोणासंगं येऊ-जाऊ लागली, तेवढं कळवत जा.”

मी विचारले, “तीनदा पाहिलात, शेवट पाहून काय वाटले?”

“डोळ्यांत पाणी आलं की, सर. तिन्ही वेळा.”

“मग?”

ते जरा थांबले. मग अगदी सरळपणे म्हणाले, “ते पिक्चरमधी, सर.”

मी त्यांना सांगितले, की मुलीच्या हजेरीची आणि गुणांची माहिती हवी तेव्हा देईन. पहाऱ्याचे काम माझ्याकडून व्हायचे नाही. ते रागावले नाहीत. चहा घेऊन गेले. हे गृहस्थ दुष्ट नव्हते, ढोंगीही नव्हते. त्यांचे अश्रू खरे होते आणि त्यांची भीतीही खरी होती. अडचण हीच आहे. दुष्टाविरुद्ध बोलणे सोपे. आपल्यासारख्याच, शेजारच्या खुर्चीवर बसून रडणाऱ्या माणसाशी काय बोलावे?

मला या ठिकाणी एका ब्रिटिश चित्रपटाची आठवण होते. गुरिंदर चढ्ढा यांचा ‘बेंड इट लाइक बेकहॅम’, २००२ सालचा. तोही कमी खर्चातला, खेळ आणि प्रेम यांचीच गोष्ट. लंडनच्या पश्चिम टोकाच्या हाउन्स्लोमधली एक शीख मुलगी चोरून फुटबॉल खेळते. प्रशिक्षक आयरिश, त्याच्यावर जीव जडतो. घरी अर्थातच विरोध. अंतिम सामना नेमका बहिणीच्या लग्नाच्या दिवशी येतो. आणि तिचे वडीलच तिला म्हणतात, जा, खेळून ये. का? तर ते स्वतः नैरोबीत उत्तम क्रिकेट खेळत. इंग्लंडला आल्यावर पगडीपायी तिथल्या क्लबने त्यांना आत घेतले नाही, आणि त्यांनी मान खाली घालून बॅट ठेवून दिली. दाराबाहेर उभे राहण्याची चव त्यांनी चाखलेली होती; म्हणून मुलीसाठी त्यांना दार उघडता आले. तात्या पाटलांवर ती वेळ कधी आलीच नव्हती. ते नेहमी मांडवात, चषक देणाऱ्या खुर्चीवर. दोन्ही गोष्टींत मैदान तेच, प्रेम तेच. फरक पडला तो बापाच्या आठवणीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात स्पष्ट सांगितले, की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडले तर त्याला कुटुंबाची वा जातीची संमती लागत नाही; अशा जोडप्यांना संरक्षण द्यावे, सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार करावा. विशेष विवाह कायदा तर १९५४ पासून आहे. कायदा आपले काम करील, करावेच. पण न्यायालयाचा पहारेकरी तुमच्या-आमच्या माजघरात बसायला येणार नाही. तिथे प्रश्न साधाच असतो: जेवताना मुलीने एखादे नाव घेतले, तर त्या नावामागचे आडनाव विचारण्याआधी आपण दुसरे काय विचारतो?

त्या गृहस्थांची मुलगी पुढे चांगल्या गुणांनी बी. ए. झाली. निकालाच्या दिवशी वडील पेढे घेऊन आले आणि सहज म्हणाले, “सर, पिक्चर परवा टीव्हीवर लागला होता. पोरीनं शेवट बघू दिला नाही. उठून बंदच केला.”

“का हो?”

“मी बी इचारलं. म्हणाली, बाबा, तुम्ही रडता आणि मग मलाच भ्या वाटतं.”

एवढे सांगून ते खिडकीबाहेर पाहत बसले. चित्रपटाची शेकडो परीक्षणे मी वाचली. प्रेक्षकाचे इतके नेमके परीक्षण दुसरे वाचलेले नाही.