वेगाचा आकडा आणि मराठीचे टोकन

२०१९ साली हगिंग फेस या कंपनीच्या संशोधकांनी डिस्टिलबर्ट हे भाषेचे मॉडेल जाहीर केले. गूगलने आदल्या वर्षी आणलेल्या बर्टचा हा लहान भाऊ. आकार ४० टक्क्यांनी कमी, वेग ६० टक्क्यांनी जास्त आणि भाषा समजण्याची ९७ टक्के कुवत शाबूत, असा त्यांचा दावा होता.

दावा खरा होता, पण तो नीट वाचावा लागतो. ६० टक्के जास्त वेग म्हटल्यावर दहा मिनिटांचे काम चार मिनिटांत उरकत असेल, असे पटकन वाटते. शोधनिबंधातल्या चाचणीत बर्टच्या बेस आवृत्तीला ६६८ सेकंद लागले आणि डिस्टिलबर्टला ४१०. म्हणजे वाचलेला वेळ सुमारे ३९ टक्के. प्रत्येक सेकंदात होणारे काम मात्र ६० टक्क्यांहून थोडे अधिकच वाढले. दोन्ही आकडे एकाच मोजणीतून निघतात. संशोधकांचे कौतुक अशासाठी, की चाचणी साध्या सीपीयूवर आणि एका वेळी एकच वाक्यजोडी देऊन घेतली, हे त्यांनी लिहून ठेवले. या दोन मॉडेलांची तुलना आयफोन ७ प्लसवर प्रश्नोत्तरांच्या कामात केली, तेव्हा फरक ७१ टक्के निघाला. मॉडेल तीच, यंत्र आणि काम बदलले आणि आकडाही बदलला.

एका वेळी किती वाक्ये दिली, यावर तर सगळेच अवलंबून असते. सांगली-कोल्हापूरकडची वडाप गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. दिवसभरात ती पुष्कळ माणसे पोहोचवते, पण आधी येऊन बसलेल्याला ताटकळावे लागते. ग्राफिक्स कार्डावर वाक्यांचा गठ्ठा एकदम दिला की असेच होते. सेकंदाला होणारे काम भरपूर वाढते आणि एकेका प्रश्नाचे उत्तर उशिरा येते. जाहिरातीत पहिला आकडा दिसतो, वापरणाऱ्याला दुसरा भोगावा लागतो.

मोजताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत. मॉडेल नुकतेच सुरू केले असेल तर पहिली काही उत्तरे मंद येतात, म्हणून ती मोजणीत धरत नाहीत. ग्राफिक्स कार्डाची गोष्ट आणखी फसवी. त्याला काम सोपवून मुख्य प्रोग्रॅम पुढे निघून जातो आणि खरे काम मागे चालूच राहते. त्याच क्षणी घड्याळ थांबवले, तर फक्त काम सोपवायला लागलेला वेळ हाती येतो आणि मॉडेल अचाट वेगवान भासते. पायटॉर्च या साधनाने मॉडेल चालवणारे म्हणूनच घड्याळ थांबवण्याआधी ‘सिंक्रोनाइझ’ ही आज्ञा देतात. शिवाय मजकुराची लांबी सांगितलीच पाहिजे. बर्टसारख्या मॉडेलमध्ये प्रत्येक शब्द इतर सगळ्या शब्दांशी ताडून पाहिला जातो. मजकूर दुप्पट झाला की हे ताडून पाहण्याचे काम चौपट होते.

सरासरीवर विसंबणेही धोक्याचे. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना उत्तर झटकन मिळाले आणि पाच जण ताटकळले, तरी सरासरी चांगलीच दिसते. २०१८ साली सुरू झालेल्या आणि आता एमएलकॉमन्स ही संस्था चालवत असलेल्या एमएलपर्फ या चाचणीने यावर चोख नियम केला. तिच्या ‘सर्व्हर’ गटात प्रश्न अनियमित अंतराने येतात आणि बर्टच्या बाबतीत ९९ टक्के उत्तरे १३० मिलिसेकंदांच्या आत यावी लागत होती. अचूकताही मूळ मॉडेलच्या किमान ९९ टक्के टिकवावी लागते. चुकीची उत्तरे भराभर देऊन येथे नंबर लागत नाही.

उत्तर तुकड्यातुकड्याने लिहिणाऱ्या चॅटबॉटसाठी मोजमाप वेगळे. २०२४ मध्ये एमएलपर्फने लामा-२ हे ७० अब्ज पॅरामीटरचे मॉडेल चाचणीत घेतले. पहिला तुकडा दोन सेकंदांत आणि पुढचे तुकडे सरासरी २०० मिलिसेकंदांना एक, अशी मर्यादा घातली. या तुकड्यांना टोकन म्हणतात, आणि मराठी माणसाने कान टवकारावेत ते इथेच.

सगळ्या भाषांचे टोकन सारखे पडत नाहीत. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल जाहीर करताना ओपनएआयने स्वतःच याची तुलना दिली. एका छोट्या परिचयाच्या मजकुराचे टोकन पाडण्याच्या जुन्या पद्धतीने इंग्रजीत २७ टोकन होत होते, मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीचे २४ आणि मराठीचे ३३ झाले. टोकनला २०० मिलिसेकंद हा दर धरून हिशेब केला, तर जुन्या पद्धतीने तो इंग्रजी मजकूर साडेपाच सेकंदांच्या आत उमटतो आणि मराठीला एकोणीस सेकंदांहून अधिक लागतात. नव्या पद्धतीत मराठीचे काम पावणेसात सेकंदांच्या आत होते. टोकनचा दर तोच राहिला, तरी वाचणाऱ्याला मिळणारा वेग जवळजवळ तिप्पट झाला.

म्हणून ‘सेकंदाला इतके टोकन’ हा आकडा मराठीसाठी अपुरा आहे. शाळा, बँक, वृत्तपत्र किंवा सरकारी खाते मराठीसाठी मॉडेल निवडत असेल, तर विक्रेत्याकडे इतके मागावे: आमचाच मराठी मजकूर, आमच्याकडचेच यंत्र, पहिले अक्षर उमटेपर्यंतचा वेळ, पूर्ण उत्तराचा वेळ आणि सर्वांत मागे राहिलेल्या एक टक्क्याला किती थांबावे लागले, तो आकडा.