साधा ई-रीडर घ्यावा का? मराठी वाचणाऱ्याचा हिशेब

भारतातून परतताना बॅगेचं वजन २३ किलोच्या पुढे गेलं की पहिला बळी पुस्तकांचा जातो. चकली आणि गोडा मसाला बॅगेतच राहतात, कादंबऱ्या मावशीच्या कपाटात परत जातात. तुमच्या घरीही हे झालं असेल, तर ‘एक साधा ई-रीडर घेऊन टाकू का?’ हा प्रश्न कधीतरी पडलाच असेल.

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही मुख्यतः कादंबऱ्या, कथा, चरित्रं वाचत असाल आणि ती खऱ्या ई-पुस्तकाच्या रूपात मिळत असतील, तर जरूर घ्या. तुमचं मराठी वाचन म्हणजे जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि दिवाळी अंकांच्या पीडीएफ असतील, तर ६ इंची ई-रीडरच्या वाटेला जाऊ नका, मोठा टॅब्लेट घ्या. असं का, ते समजण्यासाठी आधी त्या पडद्यात डोकावू या.

‘साधा’ म्हणजे काय? ६ इंची कृष्णधवल पडदा, वाचायला दिवा, वायफाय, बस्स. ॲमेझॉनचं सर्वांत स्वस्त किंडल किंवा कोबोचं निआ ही या घराण्यातली यंत्रं. अशा किंडलचं वजन १५८ ग्रॅम, म्हणजे एका पातळशा कवितासंग्रहाएवढं.

या पडद्याला इलेक्ट्रॉनिक शाईचा पडदा म्हणतात, आणि त्यात खरोखरच शाईसारखं काहीतरी असतं. केसाच्या जाडीएवढ्या व्यासाच्या लाखो पारदर्शक कुप्या एका थरात पसरलेल्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक तेलकट द्रव, आणि त्यात तरंगणारे दोन प्रकारचे सूक्ष्म कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. काळे कण कार्बनचे. पांढऱ्यांवर एक विद्युतभार आणि काळ्यांवर विरुद्ध. कुप्यांखालच्या विद्युतपट्ट्यांवर धन किंवा ऋण दाब दिला, की त्यानुसार पांढरे किंवा काळे कण वर येतात. वर आलेले कण पांढरे असले तर तो ठिपका कागदासारखा दिसतो, काळे असले तर अक्षराचा भाग होतो. ही कल्पना एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट, यांनी आकाराला आणली. १९९७ साली त्यांची ई इंक कंपनी निघाली आणि १९९८ साली ‘नेचर’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. ही शाई वापरणारं पहिलं वाचनयंत्र, सोनीचं लिब्रिए, २००४ साली जपानमध्ये विकायला आलं. किंडल त्यानंतर तीन वर्षांनी आलं, ३९९ डॉलरला.

आता खरी गंमत. विजेचा दाब काढून घेतला तरी कण जिथल्या तिथे राहतात. फोनच्या पडद्याला चित्र टिकवायला सतत वीज लागते, याला लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना, दिवा लावला तर दिव्याला आणि वायफायला. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. जाहिरातीतल्या आकड्यांचा अर्थ मात्र समजून घ्या. साध्या किंडलचे ‘सहा आठवडे’ हे रोज अर्धा तास, वायफाय बंद, दिवा मध्यम, या हिशेबाने आहेत. म्हणजे प्रत्यक्षात साधारण २१ तासांचं वाचन. तुम्ही मुंबई ते न्यूयॉर्क विमानात सलग वाचणारे असाल तर सहा आठवडे विसरा. अर्थात त्या एका प्रवासाला २१ तासही पुरून उरतात.

जो गुण बॅटरी वाचवतो, तोच गुण बाकीच्या मर्यादाही आणतो. कणांना तेलातून पोहत वर यायला वेळ लागतो, त्यामुळे पडदा मंद असतो. व्हिडिओ विसराच, नुसतं बोटाने पान सरकवणंही अडखळत होतं. काही कण पूर्ण हलत नाहीत, म्हणून आधीच्या पानाची पुसट सावली राहते, आणि ती घालवायला पडदा मधूनच एकदा काळा होऊन पांढरा होतो. नवख्या माणसाला यंत्र बिघडलं असं वाटतं, ते बिघडलेलं नसतं. थंडीत तेल घट्ट होतं आणि पानं आणखी सावकाश उलटतात. यंत्र साधारण ०° ते ३५° सेल्सियसमध्ये वापरायचं असतं. मिनेसोटाच्या जानेवारीत बसथांब्यावर वाचणाऱ्यांनी आणि दुबईच्या जुलैत यंत्र गाडीत ठेवून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

डोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. हा पडदा कागदासारखा बाहेरचा उजेड परावर्तित करतो, त्यामुळे भर उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो. त्याचा दिवासुद्धा पडद्याच्या मागे नसतो. तो कडेला असतो आणि त्याचा उजेड अक्षरांवर पडतो. ‘ई-रीडरने झोप उडते’ या बातमीमागे बहुतेक वेळा हार्वर्डच्या संशोधकांचा २०१५ सालचा एक अभ्यास असतो. त्यात फक्त १२ जण होते. ते पाच रात्री झोपण्याआधी चार-चार तास वाचत होते, आणि त्यांच्या हातात होता पूर्ण उजेडाचा आयपॅड. त्यांना झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली. हा निष्कर्ष दिवा मंद केलेल्या ई-शाईच्या यंत्राला जसाच्या तसा लावता येत नाही.

इथवरचं सगळं इंग्रजी वाचणाऱ्यालाही लागू आहे. मराठी वाचणाऱ्याची खरी परीक्षा यापुढे आहे.

आचारी आणि आचार्य

रोमन लिपीत अक्षरं एकापुढे एक मांडली की काम झालं. देवनागरीत वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण टंकताना नंतर येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. ही जुळवाजुळव यंत्रातल्या आज्ञावलीला करावी लागते. ती नीट नसेल तर पाय मोडलेली व्यंजनं सुटी सुटी दिसतात. त्यातही मराठीच्या स्वतःच्या खोडी आहेत. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांत केवढा फरक आहे! एका वाक्याने जेवण होईल, दुसऱ्याने प्रवचन. हिंदीपुरती तपासलेली यंत्रणा हा ‘ऱ्य’ चुकवू शकते. तसंच ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. आणि बऱ्याच फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. त्याने वाचायला अडत नाही, पण शाळेत मराठी वळण गिरवलेल्या डोळ्याला पानभर खटकत राहतं.

म्हणून विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाचं तरी यंत्र तासभर मागून घ्या, आणि त्यावर ‘दऱ्या’, ‘दर्या’, ‘ॲल्युमिनियम’, ‘वाङ्मय’, ‘तऱ्हा’ असे शब्द असलेली छोटी फाइल पाठवून पाहा. फाँटचा प्रश्न बहुधा सुटतो. किंडल आणि कोबो दोन्हींत ‘फाँट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आपल्या आवडीचा युनिकोड फाँट टाकता येतो. जुळवाजुळवच चुकत असेल, तर मात्र नुसता फाँट बदलून भागेल याची खात्री नाही.

पडद्यावरच्या ठिपक्यांची दाटीही मराठीत जास्त महत्त्वाची. २०१९ च्या साध्या किंडलवर इंचाला १६७ ठिपके होते, २०२२ पासून ३०० आहेत. म्हणजे एक ठिपका ०.१५ मिलिमीटरवरून ०.०८५ मिलिमीटरवर आला. छापील पुस्तकातला अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला जुन्या पडद्यावर रुंदीत तीनच ठिपके मिळत, आता सहा मिळतात. तुम्हाला कुणी स्वस्तात जुनं यंत्र देत असेल तर आधी हा आकडा विचारा.

पीडीएफ नावाची अडचण

मराठीत ‘ई-बुक’ म्हणून जे फुकट फिरतं, त्यातलं पुष्कळसं पीडीएफ असतं. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, इंटरनेट आर्काइव्हवरचे जुन्या ग्रंथांचे स्कॅन, बालभारतीने खुले केलेले ‘किशोर’चे जुने अंक, दिवाळी अंक. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. पान जेवढं छापलं तेवढंच, पडदा लहान असेल तर सगळंच लहान होतं.

हिशेब करून पाहा. ६ इंची पडदा सुमारे ९ बाय १२ सेंटिमीटर. नेहमीच्या मराठी पुस्तकाचं डेमी आकाराचं पान सुमारे १४ बाय २१.५ सेंटिमीटर. ते पान पूर्ण बसवायचं तर ५६ टक्क्यांवर आणावं लागतं. १२ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटचं होतं. ए-४ पानाची आणखी दैना, १२ चं ५. मोठं करून सरकवत वाचा म्हणाल, तर सरकवणं हेच या पडद्याचं दुखणं आहे हे वर पाहिलंच. त्यात ‘किशोर’ची रंगीत चित्रं इथे करड्या रंगाच्या १६ छटांत दिसणार. मुलांना मराठी गोष्टींची गोडी लावायची असेल तर रंगीत टॅब्लेट किंवा खरं पुस्तक, तिसरा पर्याय मला दिसत नाही.

याउलट ईपब प्रकारच्या फाइलीत मजकूर पाण्यासारखा असतो, भांड्याचा आकार घेतो. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप नव्याने पडतात. मराठी विकिस्रोतावरचं साहित्य ईपब म्हणून उतरवून घेता येतं, आणि २०२२ पासून किंडलकडे ईपब पाठवताही येतं. (प्रताधिकाराची मुदत भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची, ब्रिटनमध्ये ७०. आपण राहतो त्या देशाचा नियम पाहावा.) ॲमेझॉनने २०१६ च्या अखेरीस ज्या पाच भारतीय भाषांत ई-पुस्तकं सुरू केली त्यांत मराठी होती, त्यामुळे विकतही बरंच मिळतं. मात्र हक्क देशानुसार दिलेले असतात. तेव्हा तुम्हाला हवी ती दहा पुस्तकं तुमच्या देशाच्या दुकानात आहेत का, ते आधी शोधा आणि मग यंत्राची किंमत पाहा. विक्रेत्याच्या स्वतःच्या ॲपमध्येच उघडणारी ई-पुस्तकं साध्या ई-रीडरवर चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

‘पीडीएफचं ईपब करून घेऊ’ असा सल्ला मिळेल. स्कॅन असेल तर आधी अक्षरओळख करावी लागते आणि मग चुका सुधारत बसावं लागतं. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमधली फाइल थेट बदलली तर हाती निरर्थक चिन्हांचा ढीग येतो. एखाद्या जिव्हाळ्याच्या पुस्तकासाठी हा खटाटोप करावा, कपाटभर पुस्तकांसाठी नाही.

पुस्तक कुणाचं?

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट ही. दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक बहुधा आपल्या मालकीचं नसतं, आपण वाचण्याचा परवाना घेतलेला असतो. २००९ साली ॲमेझॉनने हक्कांच्या वादावरून ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या परस्पर पुसल्या. त्यातली एक ‘१९८४’ होती, हा योगायोग कुठल्याही कादंबरीकाराला सुचला नसता. पुढे कंपनीने माफी मागितली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं ॲमेझॉनच्या संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेण्याची सोयही बंद झाली.

परदेशात याचा अर्थ जरा वेगळा होतो. इथली मराठी पुस्तकं हातोहात फिरून जगतात. मंडळाच्या कपाटातून, गणपतीत भेटलेल्या ओळखीतून, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पेट्यांतून, ज्या दुबईसारख्या ठिकाणीही पोचल्या. परवान्याच्या पुस्तकांची पेटी भरता येत नाही. म्हणून आवडलेलं, दुसऱ्याला द्यावंसं वाटणारं पुस्तक छापीलच घ्यावं, एकदाच वाचायचं ते यंत्रावर, असं मी करतो.

वाचलेलं डोक्यात किती राहतं? २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर थोडा जास्त समजतो असं त्यात दिसलं, निव्वळ गोष्टींत तसा फरक आढळला नाही. २०१९ च्या एका प्रयोगात ५० जणांना एक दीर्घ रहस्यकथा दिली, निम्म्यांना किंडलवर, निम्म्यांना छापील. कथा दोघांनाही सारखीच समजली, पण कुठली घटना आधी आणि कुठली नंतर हे छापील वाचणाऱ्यांनी जास्त अचूक सांगितलं. कथा-कादंबऱ्यांसाठी यंत्र, अभ्यासासाठी कागद, ही वाटणी मला पटते.

स्टोरेजसाठी जादा पैसे मोजू नका. तीनशे पानी मराठी कादंबरीचा नुसता मजकूर दीडेक मेगाबाइट, दाबून ठेवल्यावर आणखी कमी. १६ गिगाबाइट भरायला एक आयुष्य पुरणार नाही.

तुमच्याकडे राहायला आलेल्या आई-बाबांसाठी घेत असाल, तर मोठं होणारं अक्षर हा या यंत्राचा सर्वांत मोठा उपकार. मात्र अक्षर फार मोठं केलं की ६ इंचात एका ओळीत तीनच शब्द मावतात, आणि ‘विद्यापीठासमोरच्यांनासुद्धा’ असला लांबलचक शब्द आला की दोन्ही कडा जुळवण्याच्या नादात शब्दांमध्ये भोकं पडतात. सेटिंगमध्ये ओळी फक्त डावीकडे जुळवायचा पर्याय असतो. यंत्र त्यांच्या हाती देण्याआधी तो लावून ठेवा, आणि पहिली पाच पुस्तकं तुम्हीच भरून द्या.