हे शंभर कोणाचे?

दूध-पाण्याच्या मिश्रणाची उदाहरणे या आठवड्यात घेणार होतो. ती पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण कऱ्हाडच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यातला प्रश्न सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिला, तर तास संपेपर्यंत वाद मिटणार नाही.

प्रश्न असा. 22 सप्टेंबर 2025 पासून तुपावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. यांच्या नेहमीच्या तुपाच्या डब्याची किंमत सगळ्या करांसकट 560 रुपये होती. कर 7 टक्क्यांनी उतरला, 560 चे 7 टक्के होतात 39 रुपये 20 पैसे, म्हणजे डबा 520 रुपये 80 पैशांना मिळायला हवा. दुकानात नवी किंमत निघाली 525. ‘वरचे 4 रुपये 20 पैसे कोणाच्या खिशात गेले?’ असे त्यांनी विचारले आहे.

कोणाच्याच नाही. 525 हा हिशेब पैशापर्यंत चोख आहे.

कर आकारतात तो कर लागण्याआधीच्या किमतीवर. ती किंमत 100 धरू. 12 टक्के कर मिळवला की गिऱ्हाईक देते 112. आता 112 च्या समोर 560 मांडा. एका भागाला 5 रुपये पडतात, म्हणून 100 भागांचे 500. ही तुपाची करापूर्वीची किंमत. तिच्यावर 5 टक्क्यांनी 25 रुपये, एकूण 525. ताळा करायचा तर 500 चे 12 टक्के 60, आणि 500 अधिक 60 म्हणजे जुने 560. जमले. बातमीतले 7 टक्के त्या 500 चे होते. पत्रात ते 560 चे धरले गेले. 500 चे 7 टक्के 35, आणि तेवढीच किंमत उतरली.

यात एक गंमत दडलेली आहे. 112 मधून 7 गेले म्हणजे बरोबर सोळावा हिस्सा गेला. टक्क्यांत सव्वासहा. सोळा आण्यांचा रुपया वापरलेले कोणी घरात असेल तर ते चटकन सांगतील, रुपयामागे एक आणा सुटला. आणि हा आणा 12 वरून 5 वर आलेल्या प्रत्येक वस्तूवर सुटतो, मग ती पन्नास रुपयांची असो की पाच हजारांची. मूळ किंमत काढत बसायची गरजच नाही. जुन्या किमतीला 16 ने भागा आणि वजा करा. 560 भागिले 16, उत्तर 35.

त्याच दिवशी एअर कंडिशनर 28 टक्क्यांवरून 18 वर आले. दहा टक्के स्वस्ताई झाली असे बहुतेकांनी धरले. 128 मधून 10 गेले, तर घट होते पावणेआठपेक्षा किंचित जास्त, नेमकी 7.8125 टक्के. 38,400 रुपयांचे यंत्र 35,400 ला मिळते. फरक 3,000 चा. 3,840 चा नाही.

मुले अडकतात ती नेमकी इथेच. शाब्दिक उदाहरणात टक्क्याचे चिन्ह दिसले, की शेजारी जो रुपयांचा आकडा उभा असेल त्याला धरून गुणाकार सुरू होतो. ‘शेकडा 20 सूट मिळून शर्ट 640 रुपयांना पडला, तर छापील किंमत किती?’ वर्गातली निम्मी मुले 640 चे 20 टक्के, म्हणजे 128 काढतात, मिळवतात आणि 768 उत्तर लिहून मोकळी होतात. त्यांना खोडू नका, ताळा करायला सांगा. 768 वर 20 टक्के सूट होते 153 रुपये 60 पैसे; उरतात 614 रुपये 40 पैसे. शर्ट तर 640 ला पडला होता. मग मूल आपणहून विचारते, चुकले कुठे?

तेव्हा वहीत दोन रकाने पाडायचे. डावीकडे शंभराचा हिशेब, उजवीकडे रुपये. छापील किंमत 100, सूट 20, दिलेली रक्कम 80. उजवीकडे माहीत असलेला आकडा एकच, 640, आणि तो 80 च्या ओळीत बसतो. एका भागाचे 8 रुपये, शंभराचे 800. सगळे कौशल्य तो एक आकडा योग्य ओळीत बसवण्यात आहे. पुढचे त्रैराशिक तर मुलांना येतच असते.

पण 100 कोणत्या ओळीत लिहायचे, हे उदाहरणात बहुधा लिहिलेलेच नसते. तो संकेत असतो आणि तो आधी ठाऊक असावा लागतो. सूट छापील किमतीवर. नफा-तोटा खरेदीच्या किमतीवर. दलालाचे कमिशन विक्रीच्या किमतीवर. वाढ किंवा घट आधीच्या आकड्यावर. आपल्याकडे सहावीत नफा-तोटा, आठवीत सूट आणि कमिशन, दहावीत जीएसटी असे हे धडे लांब लांब पसरले आहेत, त्यामुळे चार संकेत शेजारी ठेवून पाहण्याची वेळ मुलांवर सहसा येत नाही. एका पानावर ते लिहून पाठ्यपुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा.

शाळेबाहेर संकेत बदलतात, हेही मुलांना कळू द्यावे. 80 ला घेऊन 100 ला विकले, तर पुस्तकाच्या हिशेबाने नफा 25 टक्के. बाजारातले लोक मात्र ‘मार्जिन’ विक्रीवर मोजतात. ते याच व्यवहाराला 20 टक्के म्हणतील. दोघेही खरे बोलतात. मिळाले तेच वीस रुपये, शंभर मात्र वेगवेगळ्या जागी धरले.

शिष्यवृत्तीच्या तयारीत एक उदाहरण हटकून भेटते. साखर 25 टक्क्यांनी महागली, खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा? क्लासमध्ये याचे सूत्र घोकून घेतात. सूत्र कशाला? 100 ची साखर 125 ची झाली. खिशात 100 च आहेत. 125 मधले 25 सोडायचे, म्हणजे पाचवा हिस्सा, म्हणून 20 टक्के. हे ज्याला दिसले, तो उलट प्रश्नही तोंडी सोडवतो: साखर 20 टक्क्यांनी उतरली, तर त्याच पैशांत 25 टक्के जास्त येईल.

‘100 धरू’ ही युक्ती आधुनिक वाटते, पण तिचे मूळ फार जुने आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त तिला ‘इष्टकर्म’ म्हटले आहे: राशी माहीत नाही ना, मग सोयीची एखादी धरा, उदाहरणात सांगितले तसे तिच्यावर करत जा, आणि आलेल्या उत्तराची दिलेल्या उत्तराशी तुलना करून राशी सुधारा. त्यातले कमळांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ढिगातली तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा हिस्सा कमळे चौघांना वाहिली, सहा उरली ती गुरूंना दिली. तर एकूण किती? 60 धरा. 20, 12, 10 आणि 15 गेली, उरली 3. उरायला हवी होती 6. म्हणून 60 ची दुप्पट, 120. यात टक्का नावालाही नाही, पण रीत शर्टाच्या उदाहरणातलीच. तिथे 80 उरले, हवे होते 640, म्हणून 100 ची आठपट.

60 का धरले? 3, 4, 5 आणि 6 या चौघांनीही त्याला निःशेष भाग जातो म्हणून. टक्क्यांच्या गणितात 100 धरतात तेही अशाच सोयीने. 560 च्या डब्याला कोणी 50 धरून सुरुवात केली, तरी उत्तर 500 च येईल, करून पाहा.

आता मिश्रणाकडे वळण्याआधी एक उदाहरण, तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवरचे. 100 किलो द्राक्षे आहेत आणि त्यांच्या वजनात 80 टक्के पाणी आहे. वाळत घातल्यावर काही दिवसांनी पाण्याचे प्रमाण 60 टक्क्यांवर आले. आता वजन किती भरेल? 80 किलो असे उत्तर ओठांवर आले असेल, तर ते तिथेच थांबवा आणि वाळताना काय बदलत नाही ते आधी शोधा. उत्तराबरोबर दोन रकान्यांची मांडणीही लिहून पाठवा. पुढच्या आठवड्यात दुधात पाणी घालायचे आहे, तिथेही हाच प्रश्न आधी विचारावा लागणार आहे.