युरिया पंप बदलण्याआधी मीटर लावा

मोटार दुरुस्ती, वायरिंग, रेडिएटर, वेल्डिंग ही कामे आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी आहे. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) उसाचे ट्रक, खडी-मुरुमाचे टिपर, क्रेन आणि रस्त्याच्या कामावरील यंत्रे यांना तोटा नाही. त्यामुळे कामालाही तोटा नाही. परंतु यंत्र बदलले आहे. जो मिस्त्री त्याच्याबरोबर बदलणार नाही, त्याचे गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपकडे जाईल.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमचा मालही ट्रकनेच येतो आणि ट्रक अडकला की व्यापार अडकतो. आजकाल मोठ्या गाड्या अडकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे 'युरिया पंप'. जाणकार कारागिरांकडून हा विषय समजून घेऊन तो येथे मांडीत आहोत.

ही यंत्रणा आली कशी?

१ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरील नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून चौथ्या टप्प्याचे आणि १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे नियम लागू झाले. धुरातील नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू कमी करणे हा या नियमांचा एक मुख्य हेतू आहे. ५६ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७५ अश्वशक्तीपासून पुढच्या इंजिनांत त्याची मर्यादा इतकी कडक आहे की बहुतेकांना युरियाची यंत्रणा बसवावी लागते. त्याहून लहान इंजिनाच्या बॅकहो लोडरमध्ये ती सहसा नसते.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. पंप हे द्रव टाकीतून ओढतो आणि दाबाने सायलेन्सरच्या मार्गात फवारतो. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो व तो विषारी वायूचे साधा नायट्रोजन आणि वाफ यांत रूपांतर करतो. पंप थांबला की कॉम्प्युटर आधी दिवा लावतो, मग इंजिनाची ताकद कमी करतो. भरलेला टिपर चढावर थांबतो आणि मालकाचा दिवस बुडतो.

दोष पंपाचा की वायरचा?

दिवा लागला की पंप बदलायचा, ही घाईची पद्धत झाली. पंप महाग असतो. नवा बसवूनही दिवा तसाच राहिला तर मालकाचे पैसे जातात आणि मिस्त्रीचा भरवसाही जातो. विजेचा दोष पुष्कळदा पंपात नसून फ्यूज, रिले, कपलर किंवा अर्थमध्ये असतो. म्हणून तपासणी क्रमाने करावी.

पहिले, बॅटरी आणि फ्यूज. चोवीस व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना सुमारे पंचवीस आणि चालू असताना सत्तावीस-अठ्ठावीस व्होल्ट मिळाले पाहिजेत. बॅटरीच कमजोर असेल तर पुढची तपासणी व्यर्थ आहे.

दुसरे, स्कॅनरवरचा कोड. मोठ्या इंजिनांच्या जे-१९३९ पद्धतीच्या कोडात दोन आकडे असतात. पहिला आकडा कोणता भाग ते सांगतो, तर दुसरा बिघाडाचा प्रकार सांगतो. दुसरा आकडा ३ असेल तर व्होल्टेज जास्त, ४ असेल तर कमी. ५ असेल तर करंट कमी किंवा वायर तुटलेली. ६ असेल तर करंट जास्त किंवा वायर अर्थला लागलेली. हे चार आकडे पाठ असावेत.

तिसरे, कपलर उघडून पाहणे. डीईएफ गळले की पाणी उडून पांढरे खडे राहतात. हे द्रव तांब्याला खाते आणि वायरच्या आवरणाच्या आतून सरकत पुढे जाते. खडे कोमट पाण्याने विरघळतात. नंतर कपलर पूर्ण सुकवावा. तांबे हिरवे पडले असेल तर स्वच्छ तांबे लागेपर्यंत वायर कापून नवी पिन बसवावी. नुसते पुसून भागत नाही.

चौथे, पंपावर भार असताना मोजमाप. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मोकळ्या कपलरवर मीटर पूर्ण व्होल्ट दाखवितो. पण पंप चालू होताच व्होल्ट कोसळतात. म्हणून स्कॅनरवरून पंप चालवून बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या पिनेपर्यंत, आणि पंपाच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजावे. साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असतील तर दोष त्याच वाटेत आहे.

पाचवे, कॉम्प्युटरच्या वायरी. पुष्कळ पंपांच्या आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्यांना बॅटरीवरून थेट करंट देऊ नये. सिग्नलच्या वायरीला बल्बचा टेस्टर लावू नये. कॉम्प्युटर जळू शकतो. संदेशाच्या दोन कॅन वायरींमध्ये, बॅटरी सोडून मोजल्यास, सुमारे ६० ओहम मिळावेत. १२० मिळाले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलेला आहे असे समजावे.

करंट, अर्थ आणि सिग्नल हे तिन्ही बरोबर असून पंप चालत नसेल, तरच पंप खराब म्हणावा.

बिघाड टाळण्यासाठी

चावी बंद केल्यावर पंप थोडा वेळ उलटा चालून नळीतील द्रव टाकीत परत घेतो. ऑपरेटरने लगेच बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला तर द्रव आतच राहून त्याचे खडे होतात. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबावे. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडावी आणि कॉम्प्युटरचे कपलर काढावेत.

शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत घालणे हा तर शुद्ध घातक प्रकार आहे. २०१५ पासून देशातील शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो फिल्टर आणि फवारणी दोन्ही बिघडवितो. शिवाय ते खत अनुदानाचे, शेतकऱ्याच्या हक्काचे आहे.

रोजी आणि अमानत

बाजारात यंत्रणाच फसविणारे इम्युलेटर मिळतात. ते बसविले की दिवा विझतो, पण विषारी धूर रस्त्यावरच्या लेकरांच्या छातीत जातो. हे नियमबाह्य आहे आणि धोकाही आहे. कोणत्याही हलाल रोजीत त्याला जागा नाही.

मापात कमी देणाऱ्यांना कुरआनात कडक ताकीद आहे. ती केवळ तराजूवाल्यांसाठी आहे असे आम्हांस वाटत नाही. चांगला पंप खराब सांगून बदलणे हीदेखील मापातली खोट आहे. गिऱ्हाईक गाडी सोडून जाते तेव्हा ती आपल्याकडे अमानत असते.

तेव्हा कारागीर बांधवांनी चांगला मीटर घ्यावा, दोन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर घ्यावा, आणि हाताखालच्या मुलांना पान्याबरोबर मीटर वाचावयास शिकवावे. मोजलेले आकडे कागदावर लिहून मालकास दाखवावेत. असा मिस्त्री शोधत गिऱ्हाईक दूरवरून येईल, इन्शाअल्लाह.