पायाने घेतलेली मीड

पेडल स्टील गिटारच्या दहा तारा ओळीने छेडल्या की कान चक्रावतो. अलीकडून पलीकडे सूर चढत जातात, पण सर्वांत उंच सूर सापडतो तिसऱ्या तारेवर. तिच्यापलीकडच्या दोन तारा पुन्हा खाली. स्टीलवादक बडी एमन्स यांनी त्या १९६२ मध्ये ‘ई नाइन्थ’ ट्यूनिंगमध्ये घुसवल्या. ‘ई’ला षड्ज धरलं तर एक रे, दुसरी शुद्ध नि.

हे वाद्य मूळचं हवाईचं. गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवर पोलादी कांडी फिरवायची. कांडी सरळ, त्यामुळे मोकळ्या तारांत जी कॉर्ड लावली असेल तीच वर-खाली सरकते. मेजर लावली तर पूर्ण मायनर मिळणं मुश्कील. कांडी तिरकी धरून थोडंफार भागतं, तेवढंच. यावरचा तोडगा अगदी सुतारी होता: शेजारी दुसरी दांडी बसवा आणि तिच्या तारा वेगळ्या लावा. गिटार विजेवर आली, पोकळ पेटीची गरज संपली आणि दांड्या वाढत गेल्या. फेंडरच्या ‘स्ट्रिंगमास्टर’ला चारपर्यंत दांड्या, प्रत्येकीवर आठ तारा. बत्तीस तारा लावत बसायचं, आणि वाजवताना हात एकाच दांडीवर!

पेडल आलं ते एका दांडीवरून दुसरीवर माराव्या लागणाऱ्या उड्या वाचवायला: आधी दाबा, ट्यूनिंग बदला, मग वाजवा. स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी ते तारा झंकारत असतानाच दाबलं. कंट्री गायक वेब पियर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यातला तो सूर १९५४ मध्ये अमेरिकाभर गाजला आणि स्टीलवाले पेडलांच्या मागे लागले.

आपल्या भाषेत सांगायचं तर सा-ग-प वाजतंय. एका पेडलने प चा ध होतो, दुसऱ्याने ग चा म; सा जागचा हलत नाही. मीडच ही, पण सोबतीच्या तारेला घासून जाणारी. ब्रिजभूषण काब्रांनी आडव्या गिटारवर राग मांडला तेव्हा त्यांना पेडलांची गरज भासली नाही. कॉर्ड बदलत जाणं हे रागाचं दुखणंच नव्हे. गंधाराच्या बाबतीत मात्र राग आणि पेडल स्टील यांचं जुळतं. बरेच स्टीलवादक ट्यूनरचा काटा दाखवतो त्याहून ग किंचित उतरवून लावतात. तंबोऱ्यात रमलेल्या कानाला हे समजावून सांगायला नको.

पेडलांनी जादा दांड्या घालवल्या, तरी दोन टिकल्या: पलीकडची ‘ई नाइन्थ’ कंट्रीसाठी, अलीकडची ‘सी सिक्स्थ’ स्विंग आणि जॅझसाठी. अलीकडचीला फारसा हात न लावणारेही पुष्कळ. ती कोपर टेकायला बरी, अशी त्यांच्यातच थट्टा चालते. काही गिटारींवर तर त्या जागी दांडीऐवजी सरळ गादीच बसवलेली असते.