दाम्पत्य-समुपदेशन : आपण कोणाला दाखवतो?

स्मरणिकेसाठी दरवर्षी लेख मागितला जातो आणि दरवर्षी मी रक्तक्षय किंवा मधुमेह यांवर चार पाने लिहून मोकळी होते. यंदा संपादकांनी बजावले, "मॅडम, या वेळी रोगावर नको, अनुभवावर लिहा." अनुभव म्हटले की आपण डॉक्टर मंडळी हमखास यशाची गोष्ट सांगतो. माझ्या मनात मात्र गेली कित्येक वर्षे एक फसलेली गोष्ट ठाण मांडून बसली आहे. तीच येथे सांगणार आहे. जिची ही गोष्ट आहे, तिची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लग्नानंतर १९८६ साली मी सुरतेस आले आणि तीन वर्षांनी उधना भागात दवाखाना थाटला. आपल्यापैकी अनेकांचे रुग्ण तेच माझे रुग्ण : तापी व्हॅलीच्या गाडीने भुसावळ, अमळनेर, नंदुरबारकडून आलेली खानदेशी कुटुंबे. पुरुष यंत्रमागावर आणि बायका घरी बसून साड्यांना लेस किंवा टिकल्या लावणाऱ्या. मागावरची पाळी बारा तासांची. एक पंधरवडा दिवसपाळी, पुढचा रातपाळी. दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दोन मुले, कधी गावाहून आलेला दीर. नवरा-बायको एकाच खोलीत राहतात, परंतु महिन्यातून निम्मे दिवस एक झोपलेला असतो तेव्हा दुसरी जागी असते. भांडायचे तरी कुजबुजत आणि समेट करायचा तोही कुजबुजतच. डोकेदुखी, छातीत धडधड, अंगावर पांढरे जाणे, "अन्न गोड लागत नाही" अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या किती स्त्रियांचे दुखणे या खोलीत जन्मलेले असते, हे येथे व्यवसाय करणाऱ्या कोणासही सांगावयास नको.

अशा वेळी आपण काय करतो? लोहाच्या गोळ्या लिहून देतो आणि मग चष्मा काढून, आवाज थोडा खाली आणून, "समजावतो". माझी या बाबतीत ख्याती होती. "बाईंकडे न्या, बाई समजावतील," असे चाळीत बोलले जाई. मलाही ते आवडे, खोटे कशाला बोलू?

२०११ च्या हिवाळ्यात एक पंचविशीची मुलगी नवऱ्यासोबत आली. डोके दुखते, झोप नाही. हिमोग्लोबिन आठ. मी गोळ्या दिल्या आणि दोघांना समोर बसवून विचारले, "घरी सगळे ठीक आहे ना?" ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली, "हो बाई." नवरा हसून म्हणाला, "जरा चिडचिडी झाली आहे." मी दोघांनाही चार गोष्टी सांगितल्या. तिला म्हटले, थोडे सांभाळून घे, तो बारा तास मागावर उभा असतो. त्याला म्हटले, रविवारी तिला डुमसला फिरवून आण. अशा तीन बैठका झाल्या. तिसऱ्या वेळी सासूही आली, तिनेही मान डोलावली. मला वाटले, एक संसार मार्गी लागला.

सहा आठवड्यांनी तिने काहीतरी पोटात घेतले. वाचली. मी रुग्णालयात भेटायला गेले तेव्हा तिच्या दंडावरचे जुने, पिवळे पडलेले वळ मला प्रथम दिसले. तीन वेळा रक्तदाब मोजताना मी लांब बाहीच्या ब्लाउजवरूनच पट्टा बांधला होता. ती रागावलेली नव्हती. एवढेच म्हणाली, "बाई, तुम्ही त्यांच्यासमोर विचारलेत. मग मी काय सांगणार?"

हे वाक्य मी दोन वर्षे कोणालाही सांगितले नाही. सांगण्याची जागाच नव्हती. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली, तर चार लोकांना कळते, कागद तपासले जातात. समुपदेशनात गुंतागुंत झाली, तर ती रुग्णाच्या पोटात राहते आणि आपल्या.

२०१३ साली माझी भाची कॅलिफोर्नियाहून सुट्टीवर आली. तिकडे ती विवाह व कुटुंब उपचारतज्ज्ञ होण्याच्या मार्गावर होती. आठवडाभर ती दुपारी माझ्या दवाखान्यात येऊन बसे. एका संध्याकाळी शटर ओढताना तिने सहज विचारले, "मावशी, तू या जोडप्यांशी जे बोलतेस, ते कोणाला दाखवतेस?"

मला प्रश्नच कळला नाही. दाखवायचे म्हणजे काय?

तेव्हा तिने आपली पद्धत सांगितली. ती आपल्या मंडळींना ठाऊक असावी म्हणून थोडी विस्ताराने देते. या व्यवसायाला कायद्याने परवाना देणारे अमेरिकेतील पहिले राज्य कॅलिफोर्निया, साल १९६३. तेथे पदव्युत्तर पदवी हाती आली म्हणजे काम सुरू करता येते, परंतु स्वतंत्रपणे नव्हे. प्रथम उमेदवार म्हणून नोंद करावयाची. भाचीच्या वेळी त्यास इंटर्न म्हणत, २०१८ पासून असोसिएट म्हणतात. मग तीन हजार तासांचा सराव, तोही कमीत कमी एकशे चार आठवड्यांत पसरलेला. घाईने उरकता येऊ नये, हाच त्यामागील हेतू. आजच्या नियमानुसार त्यांतील सतराशे पन्नास तास प्रत्यक्ष रुग्णांसमोर हवेत आणि त्यांतही निदान पाचशे तास जोडपी, कुटुंबे किंवा मुले यांच्यासोबत. काम चालू असलेल्या आठवड्यात अनुभवी पर्यवेक्षकापुढे एक तास एकट्याने किंवा दोन तास छोट्या गटात बसावे लागते. याखेरीज दोन परीक्षा, एक कायदा व नीतीची आणि एक उपचाराची. आठवड्याला वीस तास धरले, तरी तीन वर्षे सहज जातात.

तासांच्या हिशेबापेक्षा मला त्या पर्यवेक्षणाच्या तासाचे कुतूहल अधिक वाटले. भाची म्हणाली, तेथे "रुग्णाने काय केले" यापेक्षा "तू काय म्हणालीस आणि त्याच क्षणी का म्हणालीस" हे विचारतात. संमतीने केलेले ध्वनिमुद्रण ऐकतात. काही ठिकाणी एकतर्फी काचेपलीकडून गुरू पाहत असतात. फिलाडेल्फियात साल्व्हादोर मिनुचिन यांनी कुटुंब-उपचाराची जी शाळा उभी केली, तिच्यात हे पाहणे हाच शिक्षणाचा गाभा होता. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. हाऊसमन असताना आपण महिनोन्महिने नुसता रिट्रॅक्टर धरून उभे राहिलो. कोणत्याही बॉसने पहिल्या दिवशी अपेंडिक्स आपल्या हाती दिले नाही. मग कोणाच्या संसारात हात घालताना ही शिस्त आपल्याला का आठवली नाही? बोलणे ही शस्त्रक्रिया नाही, असे आपण गृहीत धरले असावे.

आपल्या देशात "विवाह व कुटुंब उपचारतज्ज्ञ" असा स्वतंत्र परवाना नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंद १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यांना देखरेखीखालच्या प्रशिक्षणातून जावे लागते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते यांचीही दखल घेतली. परंतु सहा महिन्यांची पदविका घेऊन "मॅरेज कौन्सेलर" अशी पाटी लावणाऱ्यास विचारणारे आजही फारसे कोणी नाही. आणि पाटी न लावता तेच काम करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांना तर नाहीच.

याचा अर्थ परंपरा नाही असा मात्र नव्हे. कुटुंबाला उपचारात ओढून घेण्याचे काम भारतात पुष्कळ आधी झाले. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहू दिले. वेल्लोरला त्याच दशकात घरचे माणूस रुग्णासोबत राहू लागले. बंगळूरच्या निम्हान्समध्ये सत्तरच्या दशकापासून कुटुंब-मनोपचाराचे वेगळे केंद्र आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांना १९३६ पासून क्षेत्रकार्य आणि पर्यवेक्षक चुकलेले नाहीत. झालेला संवाद घरी जाऊन शब्दशः लिहावयाचा आणि गुरूपुढे ठेवावयाचा, ही समाजकार्यातील जुनी रीत. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशकाला न्यायालयात जागा दिली आणि १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. आपल्या गुजरातेत २०१५ पासून राज्यभर चालणारी १८१ अभयम् सेवा आहे. तिच्या गाडीतून समुपदेशक थेट दारापर्यंत येते. हा क्रमांक माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, आपल्याही असावा.

आणखी एक गोष्ट मला पूर्वी ठाऊक असती, तर बरे झाले असते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या २००६ च्या नियमांत समुपदेशकाला स्पष्ट बंधन आहे : हिंसेचे समर्थन करणारी कोणतीही सबब समुपदेशनात मांडू द्यावयाची नाही. "तो बारा तास उभा असतो" ही सबब मी नवऱ्याच्या वतीने स्वतःच मांडली होती. आणि जेथे मारहाणीची शंका आहे, तेथे दोघांना एकत्र बसविण्यापूर्वी प्रत्येकाला एकेकटे विचारावे, हा तर या शास्त्राचा पहिला धडा. तो शिकण्यास मला बावीस वर्षांचा व्यवसाय आणि एक अपघात लागला.

भाची परत गेल्यावर मी ओळखीच्या चौघांशी बोलले. एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, शाळेतील एक समुपदेशिका आणि माझ्यासारखाच एक फॅमिली डॉक्टर. बंगळूरला शिकलेल्या एका अनुभवी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ बाईंनी महिन्यातून एकदा आमच्यासाठी वेळ देण्याचे कबूल केले. २०१४ च्या जूनमध्ये माझ्याच दवाखान्यात, रविवारी सकाळी, पहिली बैठक झाली. मी तीच केस मांडली. हात थरथरत होते, हे लिहिण्यास आज संकोच वाटत नाही.

बाईंनी दोष दिला नाही. त्यांनी कागद पुढे केला आणि माझ्याच माहेरच्या तीन पिढ्यांचा आराखडा काढावयास सांगितले. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, नात्यांच्या रेषा, तुटलेल्या रेषा. मग विचारले, "तुमच्या घरात सासरहून परत आलेले कोणी होते?"

होते. माझी थोरली बहीण. दोनदा आली आणि दोन्ही वेळा वडिलांनी समजावून परत पाठविली. वडील अतिशय प्रेमळ. ते तिला पोचवायला स्वतः स्टेशनवर गेले होते. पुढे तिचा संसार टिकला आणि ही गोष्ट आमच्या घरात धीराचा नमुना म्हणून सांगितली जाई. मीही दवाखान्यात कित्येकींना सांगितली असेल. "समजावणे" मी कोठे शिकले, हे त्या कागदावर मला दिसले. समोर जोडपे बसले की माझी घाई त्यांच्यासाठी नसे. कोणीतरी परत येईल आणि दारात उभे राहील, या जुन्या भीतीपोटी ती असे.

त्या रात्री मी भाचीला फोन केला. ती त्याच बहिणीची मुलगी. म्हटले, "तुझ्या आईचा संसार टिकला, असेच आम्ही सगळे समजत आलो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टिकला ना, मावशी. पण त्या घरात मी होते."

ती हा व्यवसाय का शिकली, हे मी तिला तोवर कधी विचारले नव्हते.

आमच्या गटाने कोणाला परवाना दिलेला नाही आणि देऊ शकत नाही. आम्ही समुपदेशक झालो, असाही दावा नाही. झाले ते एवढेच की आमच्या हातून होणाऱ्या कामाची मर्यादा कळली. आता मी प्रत्येक स्त्रीला तपासणीच्या पडद्याआड एकटीला भेटते, बाही वर करूनच पट्टा बांधते. पहिल्या भेटीत सल्ला देत नाही. जेथे मारहाण, व्यसन किंवा जीव देण्याचे विचार आहेत, तेथे स्वतः न गुंतता मनोविकारतज्ज्ञ, १८१ किंवा वकील यांच्याकडे वाट करून देते. पुरुषांशीही वेगळे बोलते. रातपाळीचा मागवाला एकटा बसला की काय काय सांगतो, हा एका निराळ्या लेखाचा विषय आहे. आणि प्रत्येक अशा भेटीनंतर अर्धे पान शब्दशः लिहून ठेवते. त्यात सर्वांत लाजिरवाणी असतात ती माझी वाक्ये.

ती मुलगी आज डिंडोलीत मुलासह वेगळी राहते, एका साडीच्या कारखान्यात तपासनीस आहे. मधूनमधून रक्तदाब दाखवायला येते. हा लेख छापण्यापूर्वी तिला वाचून दाखविला. तिने एकच दुरुस्ती सुचविली : मी डुमसला जाण्याचा सल्ला दिला, त्या रविवारी ते खरोखरच गेले होते, आणि तो दिवस चांगला गेला होता. तेही लिहा म्हणाली.

आमची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता असते. आपल्या मंडळाच्या डॉक्टरांपैकी कोणास यावयाचे असल्यास खुर्च्या आहेत, चहा आहे. रुग्णाचे नाव आणू नये, आणि यशस्वी झालेली केसही आणू नये. अडलेली आणावी.