क्रमिक दास्यमुक्तीचे मूल्य

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांनी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातच गुलामगिरी नष्ट केली, असे सामान्यतः मानले जाते. हे विधान तपासून घेणे अवश्य आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १ मार्च १७८० रोजी केलेला दास्यनिर्मूलनाचा कायदा या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. मालकांनी विहित मुदतीत नोंदविलेले गुलाम त्या कायद्यान्वये आजन्म गुलामच राहिले. गुलाम स्त्रियांना पुढे होणारी मुले जन्मतः गुलाम मानली जाणार नव्हती. परंतु वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत आईच्या मालकाची चाकरी त्यांना बंधनकारक होती. न्यूयॉर्कने १७९९ साली व न्यूजर्सीने १८०४ साली असाच मार्ग पत्करला. मालकाची हानी टळावी म्हणून मुक्तीचे मूल्य गुलामांच्या संततीच्या श्रमांतून वसूल झाले. न्यूजर्सीत तर १८६० च्या जनगणनेतही १८ व्यक्ती आजन्म बंधनात आढळतात.

विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३१ साली ‘लिबरेटर’ पत्राच्या पहिल्याच अंकात, आपण पूर्वी मान्य केलेल्या क्रमिक मुक्तीच्या तत्त्वाचा जाहीर त्याग करून तत्काळ मुक्तीची मागणी केली. ‘तत्काळ’ हा शब्द केवळ उतावीळपणाचा द्योतक नव्हे. विलंबाची किंमत कोणी मोजावयाची, या प्रश्नाचे ते उत्तर होते.